फिरोजशहा मेहता

सर फिरोजशहा मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट, १८४५ – ५ नोव्हेंबर, १९१५) हे मुंबईतील नामांकित बॅरिस्टर, काँग्रेसच्या पहिल्या पिढीतील मवाळ नेते आणि मुंबई महानगरपालिकेचे चार दशकांहून अधिक काळ सभासद होते. मुंबई शहराचा कारभार आजही ज्या कायद्यान्वये चालतो, त्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. ‘मुंबईचा सिंह’ आणि ‘मुंबईचे बेताज बादशहा’ ही बिरुदे त्यांना हयातीतच लाभली. भारतीय राजकारणाच्या इतिहासात त्यांचे नाव प्रामुख्याने काँग्रेसमधील मवाळ-जहाल वादाच्या संदर्भात घेतले जाते. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत टिकाऊ काम, म्हणजे एका मोठ्या शहराचा कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींच्या देखरेखीखाली कसा चालावा याची त्यांनी बसवलेली घडी, काहीसे झाकोळले गेले आहे.

अनेक ठिकाणी मेहता हे १८७३ मध्ये मुंबईचे ‘म्युनिसिपल कमिशनर’ झाले असा उल्लेख आढळतो. त्यावरून ते शहराचे आयुक्त होते असा समज होतो, तो चुकीचा आहे. त्या काळी नगरसंस्थेच्या सभासदांनाही सैलपणे कमिशनर म्हटले जाई. आयुक्तपद सरकारी अधिकाऱ्याकडे असे. मेहता हे आयुक्तांवर देखरेख ठेवणाऱ्या सभेचे सभासद व पुढे अध्यक्ष होते. हा भेद लक्षात न घेतल्यास त्यांच्या कार्याचा अर्थच उलटा लागतो.

बालपण आणि शिक्षण

मेहतांचा जन्म मुंबईतील एका सुस्थितीतील पारशी कुटुंबात झाला. वडील मेरवानजी हे व्यापारी होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये ते बी. ए. झाले आणि लवकरच त्यांनी एम. ए. ही पदवीही मिळवली. मुंबई विद्यापीठाची ती पदवी मिळवणारे ते पहिले पारशी होत. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची त्यांच्यावर मर्जी होती. रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या आधारे ते कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला, त्यात देणगीदारांचेच नुकसान झाले आणि शिष्यवृत्तीला खीळ बसली. तरीही मेहतांनी लिंकन्स इनमधील शिक्षण पुरे केले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. लंडनच्या वास्तव्यात दादाभाई नौरोजी यांच्या घरी भारतीय विद्यार्थ्यांची जी ऊठबस असे, तीत मेहताही होते. बद्रुद्दीन तय्यबजी आणि व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी त्यांचा स्नेह तेथेच जुळला.

१८६५ ची नगरसंस्था आणि क्रॉफर्ड यांचा कारभार

मेहता परतले त्या वेळी मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्यानुसार चालत होता. या कायद्याने शहरातील ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे सरकारने नेमलेले मानद न्यायाधीश, यांची मिळून एक संस्था बनवली होती. हे जस्टिस तहहयात असत. त्यांना निवडून देणारा कोणी नव्हता, त्यामुळे ते कोणाला उत्तर देण्यासही बांधलेले नव्हते. बहुतेक जण सभांना फिरकतही नसत. सारी कार्यकारी सत्ता एका आयुक्ताच्या हाती होती आणि त्या पदावर पहिले आले ते आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड.

क्रॉफर्ड हे धडाडीचे आणि तितकेच उधळे अधिकारी होते. कापसाच्या तेजीत शहराची वस्ती बेसुमार वाढलेली, गटारे तुंबलेली, कॉलऱ्याची साथ दरवर्षीची. क्रॉफर्ड यांनी रस्ते रुंद केले, मैला व कचरा उचलण्याची व्यवस्था लावली, बाजार बांधले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई (आजची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८६९ मध्ये पुरी झाली. शहराचे आरोग्य सुधारले यात शंका नाही. पण खर्चाला धरबंध राहिला नाही आणि अंदाजपत्रकाची मर्यादा पाळली गेली नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव पडले, पेढ्या बुडाल्या, घरांची भाडी उतरली. घरपट्टी व इतर कर मात्र चढतच राहिले. ज्या घरमालकाचे उत्पन्न निम्म्यावर आले त्याच्या दारी वाढीव पट्टीची मागणी घेऊन महापालिकेचा माणूस उभा राहू लागला, तेव्हा असंतोष भडकणे साहजिकच होते.

१८७१ मध्ये जस्टिसांपैकी जेम्स फोर्ब्स यांच्या पुढाकाराने क्रॉफर्ड यांच्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. नौरोजी फर्दुनजी हे करदात्यांच्या बाजूने अग्रभागी होते. आयुक्ताचे पद रद्द करून कार्यकारी सत्ता एका नगर-समितीकडे द्यावी, असा सुधारकांचा आग्रह होता. एका माणसाने शहर बुडवले, तेव्हा सत्ता अनेकांच्या हाती असावी, हा युक्तिवाद सर्वांना पटण्यासारखा होता.

१८७१ चे व्याख्यान

सव्वीस वर्षांच्या मेहतांनी या लोकप्रिय मताला उघड विरोध केला. २९ नोव्हेंबर, १८७१ रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मुंबईच्या नगरसुधारणेवर निबंध वाचला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता : दोष आयुक्ताच्या पदात नाही, आयुक्तावर नजर ठेवणारी सभा निवडून आलेली नाही, यात आहे. समितीने कारभार हाकायचा म्हटल्यास कोणत्याही चुकीची जबाबदारी कोणा एकावर टाकता येत नाही, प्रत्येक सभासद दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि नोकरवर्गाला धनी अनेक होतात. म्हणून अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावी. मात्र त्याला पैसा मंजूर करणारी, त्याच्या हिशेबाची तपासणी करणारी आणि त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी. क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीचे समर्थन त्यांनी केले नाही, पण शहराच्या आरोग्यासाठी त्यांनी केलेल्या कामाचे माप मात्र त्यांच्या पदरात टाकले.

करदात्यांच्या पुढाऱ्यांना हे मत रुचले नाही. तरुण बॅरिस्टर साहेबाची वकिली करतो आहे, असाच त्याचा अर्थ लावला गेला. (पुढे १८८८ मध्ये हेच क्रॉफर्ड पुण्याच्या मध्य विभागाचे आयुक्त असताना लाचलुचपतीच्या गाजलेल्या चौकशीत सापडले आणि सरकारी नोकरीतून गेले. ‘क्रॉफर्ड प्रकरण’ म्हणून ते महाराष्ट्राच्या इतिहासात परिचित आहे. १८७१ चा वाद मात्र त्यांच्या सचोटीविषयी नसून खर्चाविषयी होता.)

मेहतांच्या भूमिकेचे महत्त्व असे की, पुढील चाळीस वर्षे ते सरकारनियुक्त आयुक्तांशी सतत झगडत राहिले, तरी आयुक्ताचे पद मोडावे असे त्यांनी कधी म्हटले नाही. टीकाकारांना यात विसंगती दिसली. वास्तविक दोन्ही गोष्टींचे मूळ त्या एकाच व्याख्यानात होते.

१८७२ चा कायदा

१८७२ च्या कायद्याने तडजोड साधली. ६४ सभासदांची महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले असत. खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी बारा जणांची नगर-समिती (टाऊन कौन्सिल) आली. आयुक्ताचे पद राहिले व त्याची नेमणूक सरकारकडेच राहिली. पहिल्या निवडणुका १८७३ मध्ये झाल्या. मेहता तेव्हापासून सभासद झाले ते अखेरपर्यंत. पुढील काळात ते जस्टिसांच्या मतदारसंघातून निवडून येत. लोकनियुक्त सत्तेचा हा कैवारी स्वतः मात्र विभागांतील करदात्यांच्या मतांवर नव्हे, तर या छोट्या मतदारसंघावर अवलंबून होता. १९०७ मध्ये त्यांच्यावर जो प्रसंग ओढवला त्याचे बीज येथे आहे.

ठरावीक रकमेची पट्टी भरणाऱ्यालाच मत देता येत असे. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. मतदार त्यांतील अगदी थोडे. गिरणीत राबणारा कोकणी, गोदीतला हमाल, चाळीतील भाडेकरू यांना या सभेत प्रतिनिधी नव्हता. मेहतांची लोकशाहीची कल्पना करदात्यांपाशी येऊन थांबत होती, हे नमूद केल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही.

१८८८ चा कायदा

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानंतर मुंबईच्या कायद्याची फेरमांडणी आवश्यक झाली. मेहता १८८४ व १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. डिसेंबर १८८४ मध्ये बोरीबंदरासमोरील महापालिका भवनाची कोनशिला रिपन यांच्या हस्ते बसवण्यात आली. १८८५ मध्ये मेहता, तय्यबजी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. नव्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा मेहता व तेलंग हे दोघेही मुंबईच्या कायदेमंडळात होते.

मूळ विधेयकाचा कल आयुक्ताचे आणि सरकारचे अधिकार वाढवण्याकडे होता. मेहता व तेलंग यांनी कलमवार चिकित्सा करून त्याचे स्वरूप बरेच बदलून घेतले. मंजूर कायद्यात शहराचा कारभार महानगरपालिकेच्या ठायी निहित असल्याचे स्पष्ट शब्दांत आले आणि त्याच कलमात कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे राहिली. महानगरपालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन प्राधिकरणे निर्माण झाली. १८७१ च्या व्याख्यानातील आराखडा सतरा वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरला तो असा.

सभासदांची संख्या ७२ झाली : विभागांतून निवडलेले ३६, जस्टिसांचे १६, सरकारनियुक्त १६, विद्यापीठाचे २ आणि व्यापारी मंडळाचे (चेंबर ऑफ कॉमर्स) २. जुन्या नगर-समितीच्या जागी बारा सभासदांची स्थायी समिती आली. त्यांतील आठ महानगरपालिकेने आणि चार सरकारने नेमायचे होते. आयुक्ताने अंदाज तयार करायचे, स्थायी समितीने ते तपासून अंदाजपत्रक मांडायचे आणि महानगरपालिकेने मंजूर करायचे, असा क्रम ठरला. आयुक्ताची नेमणूक सरकारने करायची, पण ७२ पैकी किमान ४५ सभासदांनी मागणी केल्यास सरकारला त्याला परत बोलवावेच लागे. पाच-अष्टमांश मतांची ही अट कायद्यात पुढेही कायम राहिली.

कायद्याने महापालिकेची कर्तव्ये दोन प्रकारांत विभागली. गटारे बांधणे व साफ ठेवणे, कचरा व मैला उचलणे, पाणीपुरवठा, रस्ते व दिवाबत्ती, बाजार व खाटीकखाने, स्मशाने व दफनभूमी, आग विझवणे, देवी टोचणे, जन्म-मृत्यूची नोंद ही कामे सक्तीची ठरली. उद्याने, ग्रंथालये वगैरे ऐच्छिक. सक्तीच्या कामात कसूर झाल्यास सरकारला हस्तक्षेप करता येत असे. रहिवाशाने भरायच्या मालमत्ता करांत सर्वसाधारण कर, पाणीपट्टी आणि हलालखोर पट्टी असे निरनिराळे कर होते. कोणत्या सेवेसाठी आपण किती देतो हे घरमालकाला बिलावरून कळावे, अशी ही रचना होती.

पाण्याचा प्रश्न या काळात सर्वांत मोठा होता. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, १८७९ मध्ये तुळशी तलावाची भर पडली, पण वस्तीला ते पुरेना. १८९२ मध्ये तानसा योजना सुरू झाली, तेव्हा कोठे शहराला काही वर्षांची उसंत मिळाली. १८९१ मध्ये शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती.

नोकरवर्गाची व्यवस्था

एवढ्या मोठ्या शहराची सेवा करायची तर नोकरांची फौज लागते. तिचा धनी कोण, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी सत्तेचे मर्म त्यातच होते. नेमणुका सभासदांच्या हाती गेल्या तर प्रत्येक जण आपल्या नातलगाची वर्णी लावील, आणि सर्वस्वी आयुक्ताच्या हाती राहिल्या तर खर्चावर लगाम राहणार नाही, अशी ही कात्री होती.

१८८८ च्या कायद्याने त्यातून पुढीलप्रमाणे वाट काढली. कोणत्या खात्यात किती माणसे हवीत आणि त्यांचा पगार काय, याचा तक्ता आयुक्ताने तयार करायचा व स्थायी समितीने मंजूर करायचा. मंजूर जागांवर माणसे नेमण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे आयुक्ताचा. रजा, निवृत्तिवेतन यांचे नियम स्थायी समितीच्या कक्षेत. कार्यकारी अभियंता आणि आरोग्य अधिकारी या दोन कळीच्या जागा मात्र महानगरपालिकेने सरकारच्या संमतीने भरायच्या. सभेचे कामकाज पाहणारा चिटणीस आयुक्ताच्या हाताखाली नसून सभेचा नोकर राहील, अशीही तरतूद होती. आयुक्ताविरुद्धचा ठराव लिहून घेणारा माणूस आयुक्ताच्याच पगारपत्रकावर असू नये, हा त्यातील साधा हेतू ध्यानात येतो. शिवाय महापालिकेशी ठेकेदारीचा संबंध असलेल्याला किंवा तिच्या नोकरीत असलेल्याला सभासद होता येणार नाही, असे कलम होते.

या साऱ्या रचनेत सर्वांत खालच्या पायरीवर हलालखोर होते. घराघरांतील शौचकूप साफ करून मैला वाहून नेणाऱ्या सफाई कामगारांना मुंबईत हे नाव होते. त्यांत गुजरात, काठेवाड व कच्छकडून आलेली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील माणसे पुष्कळ होती. रस्ते झाडणाऱ्या व कचरा भरणाऱ्या बिगाऱ्यांत घाटावरून आलेल्या महार वगैरे जातींतील लोक अधिक असत. आधी हे काम हलालखोर व घरमालक यांच्यातील खाजगी व्यवहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरसंस्थेने ते आपल्याकडे घेतले, त्यासाठी स्वतंत्र पट्टी बसवली आणि हलालखोर महापालिकेचे पगारी नोकर झाले. भरती मुकादमामार्फत होई. पगाराचा तक्ता स्थायी समिती मंजूर करी, पण कामगाराचे नशीब मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून राही.

त्यांनी काम थांबवले तर दोन दिवसांत शहर कुजू लागते, याची जाणीव राज्यकर्त्यांना होती. १८९० मध्ये मुंबई इलाख्यात असा कायदा झाला की, सफाईसारख्या सेवेतील नगरपालिका नोकराने पूर्वसूचना न देता काम सोडल्यास तो शिक्षेस पात्र गुन्हा ठरावा. कारखान्यातील कामगाराला नोकरी सोडताना पगारावर पाणी सोडावे लागे, येथे तुरुंगाची भीती होती. ज्या कायद्यांनी घरमालकाला मत दिले त्याच काळातील कायद्याने झाडूवाल्याला कामाला जखडले, हे मुंबईच्या स्थानिक स्वराज्याचे दुसरे अंग होय.

प्लेगचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. मूळचे गोव्यातील अरपोरा येथील व्हिएगस हे महानगरपालिकेचे सभासदही होते आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबरमध्ये रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचे फर्मान काढले. शहरात घबराट पसरली आणि माणसे हजारोंनी मुंबई सोडू लागली. सक्ती सैल करण्यामागे जी कारणे होती त्यांत सफाई कामगार निघून जातील ही धास्ती प्रमुख होती. डॉक्टर, अभियंते व अधिकारी असून भागणार नव्हते. हलालखोर शहरात टिकतो की नाही यावर सारे अवलंबून होते, आणि प्रशासनाने हे लेखी मान्य केले.

मार्च १८९७ मध्ये सरकारने जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्लेग समिती नेमली आणि साथीच्या बंदोबस्तापुरते महानगरपालिकेला बाजूला सारले. पुढल्याच वर्षी, १८९८ मध्ये, दाट वस्त्या पाडून नवे रस्ते व घरे उभारण्यासाठी ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था निर्माण झाली. तिच्या मंडळावर महानगरपालिकेने निवडलेले सभासद अल्पसंख्य होते. करदात्यांचा पैसा खर्च करणारी पण करदात्यांना उत्तर न देणारी अशी ही संस्था मेहतांच्या १८७१ पासूनच्या तत्त्वाला छेद देणारी होती आणि ते तिचे कठोर टीकाकार राहिले. या ट्रस्टने शहराला काही चांगले रस्ते दिले हे खरे, पण जुनी घरे जेवढ्या वेगाने पडली तेवढ्या वेगाने गरिबांसाठी नवी उभी राहिली नाहीत. मेहतांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, १९३३ मध्ये, ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला.

पोलिसांच्या खर्चाचा वादही याच जातीचा होता. शहर पोलिसांवर हुकमत सरकारची, खर्चाचा मोठा वाटा मात्र महानगरपालिकेचा. ज्या नोकरांवर आपला ताबा नाही त्यांचा पगार आपण का द्यावा, हा मेहतांचा प्रश्न होता. १९०७ च्या कायद्याने पोलीस खर्चाचा भार सरकारने घेतला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांची जबाबदारी महानगरपालिकेकडे आली. मुंबईतील महापालिका शाळांच्या विस्ताराला या अदलाबदलीने मोठी चालना मिळाली.

१९०७ ची निवडणूक

१९०४ मध्ये मेहतांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९०५ मध्ये ते पुन्हा महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि त्या वर्षी मुंबईत आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स यांचे शहराच्या वतीने स्वागत त्यांनीच केले. त्यांचा शब्द सभेत इतका चाले की, त्यांच्या संमतीवाचून काही घडत नाही अशी तक्रार होऊ लागली. तक्रार अगदीच खोटी नव्हती. विरोधी मताला ते फार वेळ सहन करीत नसत.

त्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी १९०७ मध्ये काही युरोपीय अधिकारी व प्रतिष्ठित एकत्र आले. अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस आयुक्त गेल आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर ही त्यांतील प्रमुख नावे. जस्टिसांच्या सोळा जागांसाठी त्यांनी आपल्या सोळा उमेदवारांची यादी केली आणि एकगठ्ठा मते टाकली. सरकारी नोकरांनी, त्यातही शहराच्या पोलीसप्रमुखाने, नगरसंस्थेच्या निवडणुकीत असा भाग घ्यावा हे भारतीय वृत्तपत्रांना धक्कादायक वाटले. मेहता सतरावे आले आणि पडले. ज्या सभेची घटना त्यांनी घडवली तिच्यात त्यांना जागा उरली नाही.

मुंबईत निषेधाची लाट उसळली. परंतु त्यांना परत आणले ते निषेधाने नव्हे, तर कायद्याच्या एका कलमाने. निवडून आलेल्या सोळांपैकी सुलेमान अब्दुल वाहेद यांचा महानगरपालिकेशी ठेकेदारीचा संबंध असल्याचे आढळले आणि लघुवाद न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली. पुढील क्रमांक मेहतांचा असल्याने ती जागा त्यांना मिळाली. सभासदाचे हित आणि महापालिकेचा पैसा यांची गल्लत होऊ नये म्हणून १८८८ च्या कायद्यात जे कलम होते, तेच असे उपयोगी पडले.

राजकीय कार्य

१८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १८८९ आणि १९०४ या मुंबईतील दोन्ही अधिवेशनांच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीला विरोध करताना ते गोपाळ कृष्ण गोखले व इतर सहकाऱ्यांसह मुंबई कायदेमंडळातून उठून बाहेर पडले. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. १९०७ च्या सुरत काँग्रेसमधील फुटीत ते मवाळांच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि लोकमान्य टिळकांच्या अनुयायांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पुण्याच्या राजकारणाला मेहता कधी आपले वाटले नाहीत, आणि मेहतांनीही ते वाटावे म्हणून काही केल्याचे दिसत नाही. १९११ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे इंग्रजी दैनिक सुरू केले.

मृत्यू व नंतरचा काळ

५ नोव्हेंबर, १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुंबईत भरणाऱ्या काँग्रेस अधिवेशनाची सिद्धता त्यांच्याच पुढाकाराने चालू होती.

त्यांच्या हयातीत करदात्यांपुरता राहिलेला मताधिकार १९२२ च्या दुरुस्तीने भाडेकरूंपर्यंत पोचला आणि १९४८ मध्ये मुंबई महानगरपालिकेची पहिली निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. हलालखोराला मतपेटीपर्यंत पोचण्यास कायद्यानंतर साठ वर्षे लागली. सरकारनियुक्त आयुक्त, अंदाजपत्रक तपासणारी स्थायी समिती आणि निवडून आलेली सभा ही त्रिस्तरीय रचना मात्र कायम आहे. महापौर मानाचा धनी, पण फायलीवर सही आयुक्ताची, ही मुंबईकराच्या परिचयाची स्थिती त्याच कायद्यातून आली आहे. ती मेहतांच्या मूळ कल्पनेला धरून आहे की नाही याविषयी मतभेद आहेत. त्यांच्या योजनेत आयुक्त बलवान होता खरा, पण त्याला जाब विचारणारी सभा त्याहून बलवान असणे त्यांनी गृहीत धरले होते.

स्मारके

महापालिका भवनासमोर मेहतांचा पूर्णाकृती पुतळा आहे. डरवेंट वुड या इंग्लिश शिल्पकाराची ती कृती असून १९२३ मध्ये तो तेथे बसवण्यात आला. फोर्ट विभागातील सर फिरोजशहा मेहता मार्ग (पी. एम. रोड) आणि मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान यांना त्यांचे नाव आहे. हे उद्यान ‘हँगिंग गार्डन’ या नावानेच अधिक ओळखले जाते. शहराला पाणी पुरवणारा मलबार टेकडीचा जलाशय याच उद्यानाखाली आहे.